उणेबाईंचे दहा मार्क

"बाई, जरा सरकता का?" उंट म्हणाला आणि त्याने आपली लांब मान उणेबाईंच्या खुर्चीमागून वाकवली.

पडद्यावर चूक किती ते दाखवणारा आकडा उतरायला हवा होता, तो चढत चालला होता. यंत्राला शिकवायचं म्हणजे दर फेरीला चूक थोडी कमी करत न्यायची. बाईंचं यंत्र सकाळपासून उलटंच शिकत होतं. उंटाने एका ओळीत अधिकच्या जागी उणे केलं, आणि आकडे भराभर खाली आले.

"होतं असं कुणाचंही," तो हळूच म्हणाला.

बाईंची कानशिलं तापली. कॉलेजात फिजिक्स शिकवताना इतकी वर्षं त्यांनी हेच एक चिन्ह डोक्यावर घेतलं होतं. सगळं गणित बरोबर, पण उणे गळलं, की शून्य. पोरांनी उणेबाई नाव ठेवलं ते उगाच नाही. पुढे त्या विषयाला पोरंच येईनात, वर्ग बंद पडला आणि बाई चाळिशीत पुन्हा विद्यार्थी झाल्या, एम.टेक.ला, एआय शिकायला. आणि नशिबाची थट्टा बघा, प्रॅक्टिकल तपासायला कोण? तर त्यांचाच जुना विद्यार्थी, लांब मानेमुळे वर्गात उंट नाव पडलेला हा पोरगा.

त्याचंही एकदा वार्षिक परीक्षेत उणे गळलं होतं. "बाई, एका चिन्हासाठी?" त्याने विचारलं होतं. भर वर्गात बाई म्हणाल्या, "ज्याला उणे दिसत नाही, त्याने दुसरा धंदा बघावा." त्याने बघितला.

दुपारी मार्क लागले. बाईंना दहापैकी दहा. हे शेवटचं प्रॅक्टिकल, ते गेलं तर विषय राहिला. बाई तरीही उठून त्याच्या टेबलाशी गेल्या.

"हे दहा कशाचे रे?"

"प्रोग्राम चालला ना, बाई."

"तू चालवलास."

"अहो, एका चिन्हासाठी..." म्हणता म्हणता तो थांबला. दोघांनाही काय ते आठवलं.

"शून्य टाक."

"विषय राहील तुमचा. पुन्हा वर्षभर हेच घेऊन बसाल."

"तुझं राहिलं होतं ना वर्ष?"

"राहिलं होतं." तो पडद्याकडे बघत राहिला. "वडील बोलत नव्हते माझ्याशी."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराचं पुढे काय झालं, हे त्यांनी कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

"टाक रे."

त्याने बोट कीबोर्डवर नेलं आणि मागे घेतलं. "मला नाही जमत, बाई."

त्यांना ते नेहमी सहज जमायचं. लाल पेन उचललं की झालं.

बाईंनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि दहातला एकचा आकडा पुसला. उरलं ते शून्य तसंच ठेवून त्या आपल्या जागेवर परत गेल्या, आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून लिहायला घेतला.