अर्धी झाडं

चिंचणीच्या बळवंतशेठच्या चिकूवाडीत मजुरांना चहा मिळे तो कुंपणाजवळ, कान तुटलेल्या कपांत. त्या सकाळी मात्र शेठच्या पत्नी दमयंतीबाईंनी नक्षीचे कप ओटीवर आणले, सोबत बिस्किटंही! जिव्या हरखून गेला. त्याची बायको मंगळी कपाकडे बघतच राहिली. एवढं अगत्य कशापायी?

"मंगळे, खाली नको, खुर्चीवर बस," शेठ म्हणाले. आपलं नाव यांना ठाऊक आहे, हेही तिला आजच कळलं.

"जिव्या, यंदापासून रोजाची भानगड नको. तू आता भागीदार. चिकू विकले की अर्धे पैसे तुझे. आपण घरचीच माणसं."

जिव्या मान डोलावणार, तोच मंगळीनं विचारलं, "शेठ, पावसानं चिकू गळला तर?"

"मग दोघांचंही नशीब."

"आन् ह्यो झाडावरून पडला तर?"

शेठनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "भागीदारानं आपापलं बघायचं असतं."

आता मंगळीला सगळं लख्ख दिसलं. गेल्या साली तिचा भाऊ मिथुन याच वाडीत फांदी मोडून पडला होता. मजुरांनी गलका केला, म्हणून शेठना दवाखान्याचा खर्च द्यावा लागला. मिथुन अजून लंगडतो. शेठ शहाणे झाले होते, पण कसे? माणूस पडू नये याची तजवीज त्यांनी केली नव्हती. पडला तर आपल्या गळ्यात येऊ नये, याची केली होती.

मंगळीनं भरलेला कप खाली ठेवला. "बरं. चिकू अर्धे, तर चढणंबी अर्धं. निम्मी झाडं आमची. निम्म्यांवर तुमचा पोरगा शैलेश चढल."

"अगं बाई, तो कसा चढेल?" दमयंतीबाई चटकन म्हणाल्या. "पडला म्हणजे?"

बोलून गेल्यावर बाईंनीच खाली पाहिलं.

"आमी रोजावरच चढू," मंगळी म्हणाली. "पडलो तर दवाखाना तुमचा, हे सगल्यांसमोर बोला. नायतर राहू दे चिकू झाडावर."

"चालते व्हा! बोईसरहून दुसरी माणसं आणीन!"

"आना. मी फाटकाशीच बसतंय. त्यांनाबी हेच सांगीन."

जिव्या घाबरला होता. तरी तो उठला आणि तिच्या शेजारी फाटकाबाहेर जाऊन बसला.

'पडला म्हणजे?' शैलेशसाठी हा प्रश्न त्या घरात किती पटकन विचारला गेला! जिव्यासाठी तो विचारणारं तिथे कुणी नव्हतं. आवडीनं चिकू खाणाऱ्या आपल्या घरात तरी आहे का?