पहिली फुंकर घालणारा पंखा

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो, पण छताला टांगायचा नव्हे. मूठ गरगर फिरवली की नळीतून वारा सोडणारा, लोहाराच्या भट्टीचा. पुसेगावात माझी निम्मी हयात गेली. आपण सोडलेला वारा पुढे जातो कुठे, हे पाहायची मला भारी खोड. लोहाराकडे त्याच्या ठिणग्या व्हायच्या.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात मला जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर नेले. तिथे कापसाच्या वाळक्या काड्यांपासून, म्हणजे पऱ्हाटीपासून, वायू करणारी उंच भट्टी बसली होती. त्या वायूवर इंजिन चालणार आणि ते खालच्या विहिरीचे पाणी तांड्याच्या टाकीत चढवणार. तांड्यावरची जिवनबाई वीस वर्षे डोक्यावर घागरी घेऊन ती चढण चढत होती. तिचे गुडघे पार कामातून गेले होते.

मी वारा फुंकला आणि काय नवल! तोच वारा जळणारा वायू होऊन बाहेर आला. इंजिन सुरू झाले आणि मग तेच भट्टीतून वारा ओढू लागले.

यंत्र बसवणाऱ्या इंजिनीअर दिपालीताई म्हणाल्या, "मोठ्या वीज केंद्रांतही असंच असतं. तिथं हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून कोळशाचा वायू करतात. त्या वायूवर टर्बाइन फिरतं आणि तेच ऑक्सिजनच्या यंत्राला दाबलेली हवा पुरवतं. पण बंद पडल्यावर पहिली हवा कोण देणार? म्हणून वेगळा छोटा कॉम्प्रेसर जवळ ठेवतात. हा पंखा जपा."

इंजिन चालवणाऱ्या फुलसिंगने अर्धेच ऐकले. "इंजिन आपला वारा आपणच ओढून राहिलं, मग ह्याला काहून सांभाळायचं?" असे म्हणून त्याने मला पुसेगावच्या शेषरावांकडे, हळद शिजवायच्या चुलीवर देऊन टाकले. भट्टीतले निखारे सकाळपर्यंत टिकायचे, त्यामुळे माझी आठवण कोणालाच झाली नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? तरी हळदीची पिवळी वाफ बघण्यात महिना गेला.

मग होळी आली. तांड्याची होळी एका दिवसात थोडीच भागते! नाचगाण्यात दोन दिवस इंजिन बंद राहिले आणि भट्टी थंडगार पडली. तिसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब येणार होते. पाणी चढले नाही, तर यंत्र दुसऱ्या गावाला जाणार होते. वायूशिवाय इंजिन फिरेना आणि इंजिनाशिवाय वायू होईना. बायांनी सुपांनी वारा घातला, पण नुसता धूर निघाला. हे सगळे मला नंतर कळले.

त्या सकाळी जिवनबाई लंगडत शेषरावांच्या दारात आली.

"दादा, आमचा पंखा द्या."

"बाई, हळद चुलीवर हाय."

"हळद उद्या शिजंल. यंत्र गेलं तर ह्या गुडघ्यांनी पुन्हा घागर न्हाई चढत."

शेषरावांनी मला सोडवले. तिने डोक्यावर घागरीखालची कापडाची चुंबळ ठेवली, चुंबळीवर मला घेतले आणि तीच चढण चढू लागली. एका हाताने गुडघा दाबत ती एकेक पाऊल टाकत होती.

"चुकलं, काकी," वर भट्टीपाशी फुलसिंग खाली मान घालून म्हणाला.

"मूठ धर अगोदर!"

त्याने मला असे फिरवले की माझे कान किणकिणले. धुमसणाऱ्या पऱ्हाटीचे लाल निखारे झाले, वायू पेटला, इंजिन धडधडले. साहेबांची जीप आली तेव्हा टाकीत पाणी पडत होते.

मित्रांनो, काम सुरळीत चालू लागले की ते सुरू करून देणाऱ्याला लांब लोटू नका. मला आता भट्टीशेजारी पक्के बसवले आहे. बसवले त्या दिवशी जिवनबाईने आपली चुंबळ काढून माझ्या मुठीला बांधली.

"ही इथंच राहू दे," ती म्हणाली. "मला आता न्हाई लागत."