पाडव्याची चावी

"हां ताई, आता एक हात गालावर घ्या. जरा दचका," फोटोवाला म्हणाला.

"कसाला दचकू?" भागीरथीने विचारले. तिच्या दोन्ही हातांत ओवाळणीचे तबक होते.

ठाण्यात खोपटच्या त्या शोरूममध्ये भिंतभर जाहिरात लावली होती: 'या पाडव्याला तिला गाडी द्या!' चित्रातल्या बाईचे डोळे विस्फारलेले, आणि नवरा तिच्यापुढे चावी नाचवत होता. १९८९च्या त्या पाडव्याला गाडी न्यायला येईल त्या प्रत्येक जोडप्याचा तसाच फोटो काढायचे मालक त्र्यंबकशेठनी ठरवले होते. बायकोने ओवाळायचे, नवऱ्याने तबकात चावी टाकायची. सकाळपासून सात बायका दचकून गेल्या होत्या.

भागीरथी आठवी. कोळीवाड्यातली, वीस वर्षे डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वर्तकनगरचे जिने चढलेली. गाडीसाठी नंबर तिने लावला, तीन वर्षे वाट तिने पाहिली, लायसनही तिचेच. कशाला हवी होती गाडी? हवी होती म्हणून. पुरुषाला हे कोणी विचारत नाही.

शेठनी चावी दिली ती मात्र तिच्या नवऱ्याच्या, दामाजीच्या हातात. त्यानेही ती घेतली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. ते हसू भागीरथीच्या जिव्हारी लागले.

"गारी मी घेतली, शेठ. यो मना काय देनार?"

"अहो बाई, फोटोपुरतं! लोकांना असंच बघायला आवडतं."

"मंग लोकांनाच उभं करा फोटूत."

"जाऊ दे ना गो," दामाजी कुजबुजला. "चार लोक बगतान."

"बगू दे! वीस वर्सां पाटी व्हायली, तवा कोन आला नाय फोटू काराला."

दामाजीने घाईघाईने चावी टाकली आणि त्याच क्षणी तिने तबक मागे घेतले. चावी फरशीवर पडली. भागीरथी वाकली, चावी उचलून तिने कमरेला खोचली. फोटोवाल्याने चिडून कॅमेरा बॅगेत भरला.

तिने गाडीला हळदकुंकू वाहिले आणि दामाजीसमोर येऊन उभी राहिली.

"नीट उबा ऱ्हा. पारवा हाय, ओवालते तुला."

ओवाळून तिने तबक पुढे धरले. दामाजी चुळबुळला. मग त्याने खिशातून अबोलीचा गजरा काढला, सकाळपासून दाबून चुरगळलेला.

"यवराच हाय. सगल्यांसमोर काराची लाज वाटली."

"याची लाज वाटली, आन् ती चावी घेताना नाय वाटली?"

दामाजीने मान खाली घातली. भागीरथीला त्याचा राग आला होता आणि कीवही. गजरा मात्र तिने अंबाड्यात माळला, लुगडे सावरून स्टिअरिंगमागे बसली आणि गाडी सुरू केली.

दामाजी दुसऱ्या बाजूने चढला. तबक मांडीवर घेतले आणि निरांजन विझू नये म्हणून, गाडी रस्त्याला लागली तरी, दोन्ही हातांचा आडोसा धरून बसून राहिला.