टेकाडावरचं चित्र

तीन वर्षांत लताबाईंना गावातली टीव्हीवाली घरं छपराकडून पाठ झाली होती. कुणाच्या पत्र्यावर पाय जपून टाकायचा, कुणाची शिडी तिसऱ्या पायरीला लचकते, हे त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. गावात बारा टीव्ही होते. त्यातल्या एखाद्यावर चित्र जाऊन मुंग्या आल्या की घरचं माणूस तडक शाळेतल्या बाईंच्या दारात उभं राही. "बाई, जरासा अँटेना फिरवी द्या ना. तुम्ही विज्ञानवाल्या." आणि चौपन्न वर्षांच्या विज्ञानवाल्या बाई पदर खोचून, दुखऱ्या गुडघ्याला मनातल्या मनात समजावत शिडी चढत.

अँटेना फिरवून काही होण्यासारखं नव्हतं. हे त्यांनी सगळ्यांना सांगून पाहिलं होतं, फळ्यावर आकृती काढूनही दाखवलं होतं. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अडावदच्या उत्तरेला. गावाच्या दक्षिणेला एक लांबट टेकाड, आणि टेकाडाच्या पलीकडे, पार दूर, जळगावचा मनोरा. टीव्हीच्या लहरी उजेडासारख्या जवळजवळ सरळ जातात. टेकाडामागे जशी सावली पडते, तसं हे गाव त्या लहरींच्या सावलीत पडलं होतं. नकाशावर मात्र मनोऱ्याभोवती कंपासने एक वर्तुळ काढलेलं होतं आणि गाव त्या वर्तुळाच्या काठाला, पण आत होतं. आत म्हणजे तिथे चित्र दिसतं, असं कागद म्हणत होता.

म्हणून बाईंनी टीव्ही केंद्राकडे अर्ज केले. एकूण अकरा. अर्जांसोबत पुरावा हवा म्हणून शंभर पानी वहीत रोजची नोंद ठेवली: तारीख, वेळ, कुणाचं घर, आणि पाचपैकी किती गुण. पाच म्हणजे स्वच्छ चित्र, शून्य म्हणजे नुसत्या मुंग्या. पावसाची नोंद ठेवावी तशी त्यांनी ही ठेवली, आणि दुष्काळी तालुक्यासारखीच ती भरली. शून्य, एक, शून्य, एक, वारा पडला तर दोन.

शाळेलाही जिल्हा परिषदेकडून एक टीव्ही मिळाला होता. त्याच्यावर दुपारी विज्ञानाचे कार्यक्रम लागत, पण मुंग्यांमागे काही दिसत नसे. बाई अठ्ठावीस वर्षं खडूनं पेशी काढत आल्या होत्या: बाहेर एक गोल, आत एक ठिपका. शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता. खरी पेशी आठवीच्या पोरांनी एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढंच त्यांना हवं होतं. तो टीव्ही आता भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला असे आणि सातवीच्या मुली त्याच्यावर हजेरीपट ठेवत.

अकराव्या अर्जाला उत्तर आलं. गुरुवारी इंजिनिअर येऊन चित्राची तपासणी करतील. चित्र असमाधानकारक ठरलं तर लहरी पकडून गावात पुन्हा सोडणाऱ्या छोट्या पुनःप्रक्षेपण यंत्राच्या यादीत गावाचं नाव जाईल. समाधानकारक ठरलं तर पुढची पाहणी पाच वर्षांनी. बाईंची निवृत्ती चार वर्षांवर होती.

ते पत्र त्यांनी सरपंच झुलाल नानांना वाचून दाखवलं. नाना खूश झाले. "सायेब येस? आपला गावमा? बठ्ठं मनावर सोडा, बाई."

सगळं माझ्यावर सोडा म्हणाले, पण सगळं म्हणजे काय, हे बाईंनी तिथेच थांबून विचारायला हवं होतं. पण बुधवारी त्यांना चोपड्याला पेपर तपासायला जायचं होतं आणि एस.टी. सुटायला दहा मिनिटं होती.

गुरुवारी सकाळी त्या पहिल्या एस.टी.नं परतल्या, तेव्हा फाट्यावरूनच त्यांना टेकाडाच्या माथ्यावर काहीतरी उभं दिसलं. एकावर एक जोडलेले लोखंडी पाइप, चार बाजूंनी तारांचे ताण, आणि अगदी वर, उन्हात चमकणारा नवा अँटेना. तिथून एक चपटी वायर बाभळींवरून, गोठ्यांवरून, देवळाच्या कळसाला वळसा घालून थेट ग्रामपंचायतीत उतरली होती.

"पंडितभाऊना बोअरना पाइप शेतस," उखर्डू सांगू लागला. हा पंचायतीचा शिपाई; त्याच्या तळहातांना फोड आले होते. "मोटार रिवाइंडिंगले जायेल शे ना, पाइप वरच पडेल व्हतात. बठ्ठा गाव राबना, बाई. चोपडातून दोन बूस्टर आनात. नाना सांगेत, सायेबले चित्र अस्सं दखाडो, का त्यानं नाव घेवाले पायजे."

बाई ओट्यावर बसल्या. रागावण्यासाठी अंगात थोडी ताकद लागते. त्यांच्याकडे ती नव्हती.

पंचायतीत नाना नवं धोतर नेसून उभे होते. बाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, "नाना, चित्र चांगलं दिसलं तर यंत्र मिळणार नाही. ते काढायला लावा."

नानांनी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बाई, तुम्ही शिकेल शेतस, पन इतलं कळत नही? लगीनसाठे पोर दखाडतांना तिना खोकला कोन सांगस? सायेब खूश व्हई, तवय काही दी. नाराज मानूस काय देस?"

"हे देणं त्यांच्या खुशीवर नाही."

"बठ्ठं खुशीवरच ऱ्हास, बाई," नाना म्हणाले आणि खुर्च्या पुसून घ्यायला गेले.

जीप एक वाजता आली. इंजिनिअर लीलाधर बोरोले पन्नाशीचे, अंगानं भरलेले, खिशाला चार पेनं लावलेले गृहस्थ होते. आठवड्यात सत्तावीस गावं करायची होती, हे एकोणिसावं. लहरी मोजायचं मीटर आहे का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ते ओशाळून हसले. "एकच आहे हो. ते धुळ्याकडच्या जीपमध्ये गेलंय. आम्ही डोळ्यांनीच गुण देतो. काय करणार?"

त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, केळीचे वेफर्स आणि शेव दिली. मग नानांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं.

चित्र आलं. कुठल्याशा विद्यापीठाचा इंग्रजी कार्यक्रम चालू होता. बोलणाऱ्या माणसाच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसत होती. दाटीवाटीनं बसलेल्या माणसांतून कुणीतरी म्हणालं, "अरे बाप्पा." तेवढ्यात पडद्यावर कांद्याचा पापुद्रा आला. सूक्ष्मदर्शकाखाली धरलेला. विटांसारख्या एकाला एक लागून बसलेल्या पेशी, आणि प्रत्येकीत एक काळा ठिपका. बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. अर्धा मिनिट त्या कुणाच्याच नव्हत्या, गावाच्या नाही की अर्जांच्या नाही. आठवीच्या पोरांना बोलावून आणावं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"वा!" बोरोले म्हणाले. "हे तर चार. साडेचार म्हटलं तरी चालेल. तुमच्याकडून अकरा अर्ज आले होते, मला वाटलं काय अवस्था असेल." त्यांनी तक्ता उघडून पेनचं टोपण काढलं.

नानांची छाती फुगली. "सायेब, आपला गावमा काहीच कमी नही."

"साहेब, थांबा," बाई म्हणाल्या. आवाज वर्गात निघतो तसा निघाला, आणि सगळ्यांनी माना वळवल्या. "हे चित्र गावातलं नाही. हे टेकाडावरचं आहे. कालच तिथे साठ फूट पाइप उभा केलाय. खाली कुठल्याही घरात चला आणि बघा."

उखर्डूनं फोड आलेले हात पाठीमागे नेले.

"बाई, सायेबले चहा तरी पिवू द्या," नाना हसून म्हणाले, पण डोळे हसत नव्हते.

बोरोल्यांनी घड्याळ पाहिलं, तक्ता पाहिला. "बाई, मला जे दिसतं ते लिहायचं. पण ठीक आहे. एक घर बघू. जवळचं."

जवळचं घर बेबाबाईचं. एकटी राहणारी म्हातारी, मुलगा भुसावळला रेल्वेत. त्यानंच टीव्ही आणून दिला होता. महिन्यातून दहा वेळा ती बाईंना बोलवायला येई. पाहुणे दारात बघून तिनं लगबगीनं डोक्यावर पदर घेतला.

"बेबाबाई, टीव्ही लावा," बाई म्हणाल्या.

"लाइट नही," बेबाबाई म्हणाली. तिच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

बाईंनीच जाऊन बटण लावलं. पडदा फरफरला आणि मुंग्यांनी भरून गेला. आवाजसुद्धा भज्यांच्या कढईसारखा.

"आजी, रोज असंच दिसतं का?" बोरोल्यांनी विचारलं.

बेबाबाईनं आधी नानांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नही नही. रोज झकास दिसस. आजच बिघाडी गयं."

दारात जमलेली माणसं समाधानानं हलली. कुणीतरी "बरोबर" असंही म्हणालं. बाईंनी वही पुढे केली. बोरोल्यांनी ती मध्येच कुठेतरी उघडली, चार पानं उलटली, ओळींवरून बोट फिरवलं. एका पानावर बेबाबाईचं नाव सात वेळा होतं. ते हसले नाहीत.

"मी शास्त्राचाच माणूस आहे, बाई," ते हळूच म्हणाले. "पण या तक्त्यात वहीला रकाना नाही. दोन ठिकाणी फरक आला, तर नियम असा की सरपंचांचं म्हणणं लिहायचं आणि त्यांची सही घ्यायची. आता नाना म्हणतील ते."

सगळे नानांकडे बघू लागले. नानांनी मिशीवरून हात फिरवला. परगावच्या माणसासमोर आपल्या गावाला वाईट म्हणायचं, त्यावर सही करायची, आणि तेही काल अख्खं गाव टेकाडावर चढवल्यावर. त्यांनी पेनाला हात लावला नाही.

बाईंनी पायातल्या चपला सारख्या केल्या. त्यांना बसायचं होतं, पण बेबाबाईच्या घरात एकच खाट होती आणि तिच्यावर साहेब बसले होते.

"नाना," त्या म्हणाल्या, "गेल्या साली तुमच्या छातीत दुखलं, तेव्हा तुम्हाला जीपमधून चोपड्याला नेलं. तुम्ही डॉक्टरला काय सांगितलं? झकास वाटतंय म्हणालात?"

"ते येगळं."

"वेगळं कसं? तिथे तुम्ही रडलात. मी होते बरोबर. नाडी दाखवताना कुणी पावडर लावून जात नाही. हे साहेब पोर बघायला आलेले नाहीत. हे डॉक्टर आहेत. आजार लपवला तर ते औषध न देता जातील, आणि पुढची पाच वर्षं येणार नाहीत."

"आनि बठ्ठा गावनं राबनं?" नाना एकदम म्हणाले. "पोरेसनी हात फोडी टाकात, ते काय फुकट?"

"हो," त्या म्हणाल्या. "फुकट."

बेबाबाईच्या टीव्हीची फरफर तेवढी चालू होती. मग दारात उभ्या उभ्या बेबाबाई पुटपुटली, "नाना, सही करी टाका. मनी तर भाकरी घशाखाले जात नही, मुंग्या दखी दखी."

नानांनी पेन हिसकावल्यासारखं घेतलं. बोरोल्यांनी 'असमाधानकारक' या शब्दापुढे बोट ठेवलं होतं. नानांनी त्याखाली सही केली, मोठी, कागद फाटेल इतक्या जोरात, आणि कुणाकडे न बघता निघून गेले. उरलेली शेव कुणी साहेबांना बांधून दिली नाही.

जीप गेल्यावर बाईंनी शाळेत जाऊन दोन तास घेतले. संध्याकाळी त्या घराच्या पायरीवर गरम पाण्यात पाय सोडून बसल्या. गल्लीतून जाणाऱ्या बायकांनी रोजच्यासारखं "काय बाई" म्हटलं नाही.

उजेड असतानाच माणसं टेकाडावरून पाइप उतरवून आणू लागली. मोटार दुरुस्त होऊन आली होती आणि पंडितच्या केळीला तीन दिवस पाणी नव्हतं. पाइप रात्रीच्या आत बोअरमध्ये जायला हवे होते. दोघं पुढे, दोघं मागे, असे एकेक पाइप खांद्यावर घेऊन ते गल्लीतून गेले. शेवटच्या पाइपाच्या मागच्या टोकाला स्वतः झुलाल नाना होते. पायरीपाशी ते थांबले, म्हणून पुढच्यांनाही थांबावं लागलं.

"बाई, ते यंत्र भेटी का?" नानांनी विचारलं. बघत होते समोरच्याच्या पाठीकडे.

"माहीत नाही, नाना. नाव यादीत जाईल."

"यादीमा." नानांनी तो शब्द जरा वेळ तोंडात ठेवला. "कितला गाव ऱ्हातीन त्या यादीमा?"

"पुष्कळ."

नानांनी पाइप या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. गुडघे वाकवून, जपून, पुढच्या माणसाला झटका बसू नये असा. "चाला," ते म्हणाले, आणि चौघं वळणावरून दिसेनासे झाले.

बाईंनी पाण्यात हात घालून पाहिला. पाणी निवलं होतं. ते बदलायला उठावं, असं त्यांच्या मनात आलं. पण त्या तशाच बसून राहिल्या.