दुकानात वाजवलेल्या घंटा

मेंढपाळ वंका रबारी घंटांचं पोतं परत घेऊन आला, तेव्हा मी अंगणात नव्या घंटांना माती आणि तांब्याच्या चुऱ्याचा लेप लावत होते. त्याने शिव्या दिल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाला, या घंटा बांधल्यापासून झुडपांत आपल्या मेंढ्या कोणत्या आणि भावकीच्या कोणत्या, काही कळेनासं झालंय.

आमच्या कच्छात प्रत्येकाच्या कळपाचा सूर ठरलेला असतो. घंटेच्या काठावर हातोडीने ठोके देऊन तो सूर बसवायचं काम माझ्या घरधन्याचं, जुसब लोहारांचं. नाव मी कागदावरच घेते. चाळीस वर्षं त्याच ठोक्यांनी यांचे कान गेले होते. हे त्यांच्याखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"जुसबभाई, पुढच्या खेपेला मी दुसरा लोहार बघतो. राग मानू नका," वंका म्हणाला. यांना ऐकू आलं नाही. तेच वाक्य मला यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. त्यानंतर यांनी हातोडी फडक्यात बांधून ठेवली आणि चार दिवस ती गाठ सोडली नाही.

मी यांना भुजला नेलं. कानाच्या मशीनच्या दुकानातल्या हेतलबेननी तपासणी करून विचारलं, काकांना काय ऐकायचंय? उत्तर मीच दिलं. माणसांचं बोलणं, मुलीचा फोन, निकाहातल्या गप्पा, आणि मी. यांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. हेतलबेननी शेंगदाण्याएवढी जोडी दाखवली. बोलणं तेवढं ठेवून बाकीचा गोंगाट ती आपोआप गाळते म्हणे. किंमत साठ हजार. नाकापेक्षा मोती जड झाला, पण छपरासाठी ठेवलेले पैसे होते आणि पंधरा दिवसांत परत करायची मुभा होती.

घरी आल्यावर चुलीपाशी पुटपुटलेलंही यांना कळायला लागलं. मला ते फारसं सोयीचं नव्हतं. पण घंटा हलवली की यांचा चेहरा उतरायचा. "बोलायला लागते, आणि कोणीतरी मधेच तिचं तोंड दाबतं," म्हणाले. मशीनला आमची घंटाच गोंगाट वाटत होती.

मग मी पिशवीत वंकाची एक जुनी, सुरातली घंटा आणि दोन परत आलेल्या घेतल्या, आणि आम्ही दोघं पुन्हा भुजला गेलो. मी त्या दुकानातच वाजवल्या. रांगेतल्या ज्या म्हाताऱ्यांना काही ऐकू येत नव्हतं, त्यांनीही माना वळवल्या. हेतलबेननी गाळणी बंद करून पाहिली, तर ती जोडी शिट्ट्या मारू लागली. शेवटी त्यांनी कानामागे बसणारी, जुन्या धाटणीची ढोबळ मशीन काढली. जोडी अठ्ठावीस हजारांना. घंटा घंटेसारखी ऐकू येईल, पण चार माणसांत बोलण्याचा काला होईल, हे त्यांनी आधीच सांगितलं.

यांनी जुनी घंटा ऐकली, मग नवी. "ही सुरातून उतरलीय," लगेच म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, मशीन काढून टेबलावर ठेवली आणि शेंगदाण्याकडे बोट केलं. "तीच राहू द्या. तिच्यात हिचं ऐकू येतं."

मला राग आला आणि रडूही आलं. "अडतीस वर्षं माझं ऐकलं नाहीत, आता काय अडलंय? ढोबळी घ्या."

ढोबळी लावून यांनी परत आलेल्या घंटांचा सूर पुन्हा बसवला. महिन्याने निरोप मिळून वंका आला. रबाऱ्यांच्या रीतीप्रमाणे, नुसत्या कानाने पारखायला, पाठ करून उभा राहिला. यांनी पोत्यातल्या घंटा एकेक करून हलवल्या, मध्ये तीन परक्या कळपांच्या घुसडल्या. त्या तिन्हींना वंकाने हात वर करून नकार दिला. बाकीचं पोतं खांद्यावर टाकून तो गेला.

निकाहात गर्दी असते. मी यांना काही सांगते, हे मान हलवतात. कळलेलं नसतं, हे मला ठाऊक असतं. मी समोर जाऊन उभी राहते आणि पुन्हा सांगते.