मुंजाजी मिस्त्रींची नवी हत्यारं

कुरिअरवाल्याची फटफटी फाटकाशी थांबली तेव्हा गंगासागर बाळंतिणीसाठी अळीव निवडत बसली होती. ताट तसंच सोडून ती तरातरा बाहेर आली.

"मिस्त्री हायेत का?"

"हायेत. पण तुजं खोकं आल्या पावली परत घेऊन जा."

"मावशी, पैसे भरलेलं हाय हे. परत कसं नेऊ?"

तोवर मुंजाजी शेडमधून आले. अंगात ते नवं जाड कापडाचं एप्रन, उजवा हात एप्रनच्या खिशात. डाव्या हातानं त्यांनी खोकं काखेत मारलं आणि बायकोकडे न बघता पुन्हा शेडमध्ये गेले. आतून कागद फाडल्याचा आवाज आला. करवतीचा आवाज काही आला नाही.

गंगासागर अळिवाशी परत बसली, पण खडे दिसेनात. उठून तिनं चुलीवरचं पाणी पाहिलं, बाळंतिणीच्या दारात उभी राहिली, पुन्हा ओट्यावर आली. ईश्वरी, म्हणजे तिच्या लेकाची, शहादेवची लेक, पित्री अमावस्येला बाळंत झाली होती. मुलगी झाली. बारसं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धरलेलं, आणि पाळण्याचा अजून पत्ता नव्हता.

त्यांच्या घरात पाळणा आधी करून ठेवत नसत. मूल रडल्याचं कानानं ऐकलं की मगच लाकडाला करवत लावायची, आणि बारशाच्या सकाळी पाळणा टांगायचा, ही सासऱ्यांच्याही आधीपासूनची रीत. गंगासागर लग्न होऊन तेलगावात आली तेव्हापासून ती हेच बघत आली होती. अर्ध्या गावाची पोरं मुंजाजींच्या पाळण्यात झोपली होती. शहादेवच्या वेळी तर बाहेर पावसाची झड, घरात लाकूड ओलं. मुंजाजींनी चुलीजवळ फळ्या उभ्या करून वाळवल्या आणि चार हत्यारांवर पाळणा उभा केला होता. लाकूड तासायचा वाकस, करवत, रंधा, भोकं पाडायची पटाशी. त्यातला रंधाही घरीच बाभळीच्या ठोकळ्यातून कोरलेला.

हेच मुंजाजी दुसऱ्यांच्या हत्यारांना किती हसायचे! त्यांच्याबरोबर काम करणारा बन्सी एकदा हैदराबादहून विलायती लोखंडी रंधा घेऊन आला होता. मखमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. त्याला बघितलं की मुंजाजी भर अड्ड्यावर ओरडायचे, "काय बे बन्सी, आज रंध्याला पावडर लावली का न्हाई?" सगळे सुतार खिदळायचे. बन्सी बिचारा फडकं घट्ट करायचा.

आणि आता शेडच्या फळीवर तसाच विलायती रंधा, पितळी चाव्यांचा, लाकडी पेटीत बसलेला. शेजारी धार लावताना पटाशी तिरकी धरून ठेवणारी छोटी चाकाची गाडी. करवत सरळ चालावी म्हणून लोहचुंबक बसवलेला ठोकळा. लाकूड पकडायचे तऱ्हेतऱ्हेचे चिमटे. पटाश्या ठेवायची चामड्याची गुंडाळी. बाळाच्या जन्मापासून मुंजाजी फळ्या रंधून आरशासारख्या करत होते, धार लावत होते, आणि मोबाईलवर परदेशातल्या कुठल्या तरी सुताराला बघत होते. पाळणा पुढं सरकत नव्हता.

दुपारी शहादेव जेवायला आला. रस्त्याला लागून त्याचं प्लायवूडचं दुकान होतं. सगळं काम मशीनवर.

"आबा, आज काय आलं? सोन्याचा हातोडा का?"

"जेव गप," मुंजाजी म्हणाले.

"न्हाई, पण मी काय म्हणतो, मला द्या. उद्या दुपारपत्तुर मशीनवर काढून देतो."

"माजी पणती मशीनच्या पाळण्यात निजणार न्हाई."

"मंग कशात निजणार? तुमच्या खोक्यात?"

सून योगिता तोंडाला पदर लावून हसली. मुंजाजींनी भाकरी डाव्या हातानं मोडायचा प्रयत्न केला, ती मोडेना, ते ताटावरून उठले. गंगासागरनं लेकाकडे डोळे वटारले, पण तिलाही तेच विचारायचं होतं. ईश्वरीच्या सासूचा, वत्सलाबाईंचा धर्मापुरीहून सकाळीच फोन येऊन गेला होता. "आमाला काय बी मानपान नको, विहीणबाई. फकस्त मिस्त्र्याच्या घरचा पाळणा डोळं भरून बघायचाय." बोलणं गोड, पण वत्सलाबाईंचं गोड बोलणं गंगासागर ओळखून होती. पाळणा नसला तर नातीला ते जन्मभर ऐकावं लागणार. आणि मशीनचा टांगला तर म्हातारा शेडमध्ये पाऊल टाकायचा नाही, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून तिच्या पायाला थारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजाजी स्टॅंडवर चहाला गेले, तशी ती शेगडीसाठी सागवानी ढलप्या आणायला टोपली घेऊन शेडमध्ये गेली. बाळंतिणीला शेक द्यायला ओल्या काटक्यांपेक्षा ढलप्या बऱ्या. कोपऱ्यातल्या ढिगात हात घातला तर खाली टणक काहीतरी लागलं. तिनं ओढून काढलं. पाळण्याचा खूर होता, चार कोपऱ्यांना उभे असतात त्यातला एक. आडवी पट्टी बसवायला पाडलेलं भोक कडेपर्यंत फाटलेलं. ढिगात आणखी एक निघाला. त्याच्यावर पटाशी घसरल्याचा लांब ओरखडा. मग आणखी.

ती तिथंच भुशात बसली. काल भाकरी मोडू बघणारा त्यांचा डावा हात तिला आठवला, खिशातला उजवा आठवला. हल्ली चहा बशीत न ओतता पेल्यानंच प्यायचे, तेही ओठ पेल्याकडे नेऊन. तिनं फळीकडे बघितलं. धार लावताना हात हलू नये म्हणून गाडी. करवत हलू नये म्हणून चुंबक. लाकूड हलू नये म्हणून चिमटे. म्हातारा हौस करत नव्हता. हाताला धरून ठेवणारं काही मिळतं का, ते शोधत होता.

सगळे खूर तिनं होते तसे पुरून ठेवले, वर ढलप्या पसरल्या आणि थोड्याशाच टोपलीत घेऊन निघाली. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. ईश्वरी म्हणाली, "आज्जी, कावून गं अशी भिरभिर करतीस? बस की जरा माज्याजवळ." ती बसली आणि लगेच उठली.

मग खांडेनवमी आली. दरवर्षीसारखी गंगासागरनं हत्यारं धुतली, पुसली, तेलाचं बोट फिरवलं. मुंजाजींनी पाटावर मांडली. वाकस, करवती, पटाश्या, ठोकायची लाकडी मोगरी, जुना बाभळीचा रंधा, नवा रंधा, चाकाची गाडी, ठोकळा, सगळे चिमटे. शेवटी कानामागची पेन्सिलही काढून ठेवली.

"पेन्सिल कावून?" गंगासागरनं विचारलं.

"ते बी हत्यारच हाय."

हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या आरतीपर्यंत हलवायचं नसतं. मुंजाजी भिंतीला टेकून बसले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला होता. आता कुणी काम कर म्हणू शकत नव्हतं.

"आबा, देवीकडून सुटी मंजूर करून घेतली म्हना की," शहादेव हसत म्हणाला.

"तू जा दुकानात," गंगासागर इतक्या जोरात ओरडली की बाळ दचकून रडायला लागलं.

रात्रभर तिला झोप नाही. दसऱ्याच्या सकाळी उठून तिनं दाराला तोरण बांधलं, पुरणाची डाळ शिजत घातली, आणि मध्ये मध्ये पाटावरच्या हत्यारांकडे बघत राहिली. दुपारी आरती झाली. शहादेव आणि योगिता सोनं वाटायला बाहेर पडले. ईश्वरी बाळाला घेऊन झोपली. गंगासागरनं पाटाला नमस्कार केला, पटाशी, मोगरी आणि दोन चिमटे उचलले, आणि शेडमध्ये जाऊन नवऱ्याच्या पुढ्यात ठेवले.

"आज दसरा हाय," मुंजाजी म्हणाले. "आज कुणी काम करतं का?"

"ढलप्याखालचं बघितलंय मी."

मुंजाजींनी कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघितलं. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरला हार घालून कुणीतरी मिरवत नेत होतं, त्याचा कर्णा बराच वेळ वाजत राहिला.

"शहादेवाला सांगितलंस?"

"मी कावून सांगू?"

"करवत जमती आता," ते हळूच म्हणाले. "त्या ठोकळ्याला टेकवली की सरळ जाती. कुसू काढलेत मी सगळे, बघ." खरंच, खुराच्या भोकात बसवायला पट्ट्यांच्या टोकांना काढलेले कुसू एका आकाराचे, नीट रचलेले होते. "धार बी जमती. पण भोक पाडायला एका हातानं पटाशी धरावी लागती, दुसऱ्यानं मोगरी. एक हात पटाशीला पुरत न्हाई आता. लई शोधलं. पटाशी धरणारं काय निघालेलं न्हाई अजून."

"आन् हे एप्रन? ह्यानं काय धरतंय?"

मुंजाजींनी खिशातला हात आणखी आत घातला. "ह्याला खिसा मोठा हाय," ते म्हणाले.

गंगासागरला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं पदर खोचला. उरलेल्या सागवानातून त्यांनी नवे खूर तासून ठेवलेच होते. त्यातला एक तिनं फळीवर आडवा घातला, चिमट्यानं आवळला. "दोनी हातानं धरा पटाशी. मी ठोकते."

"तुला न्हाई जमायचं. घाव वाकडा बसला की फाटतं."

"चटणी कुटते की रोज."

"हे काय ठेचा हाय का?"

"धरा म्हनलं न्हवं!"

त्यांनी धरली. दोन्ही मुठी एकमेकींवर दाबून. पटाशीचं टोक पेन्सिलीच्या रेघेवर थरथरलं, मग टेकलं आणि थांबलं. गंगासागरनं मोगरी मारली. घाव कडेला बसला.

"मदी मार, मदी! डोळं मिटून मारतीस का?"

"तुमी बोलू नका, मला घाव ऐकू येऊ द्या."

दुसरा घाव बरा बसला. तिसऱ्याला लाकडाचा तुकडा सुटून वर आला. मुंजाजींनी त्यावर फुंकर मारली आणि आत बघितलं. "हळू आता. आता हळू." मग फक्त मोगरी आणि मधूनमधून त्यांचं "थांब", "मार", "अगं मार की". तिचा खांदा भरून आला, तरी ती थांबली नाही. शहादेव सोन्याची पानं घेऊन परतला आणि शेडच्या दारात उभा राहिला. त्याच्या तोंडावर थट्टा आलेली होती, ती त्यानं गिळली. बापाच्या हाताकडे तो बराच वेळ बघत होता.

"आबा, दुसरा खूर आवळून देऊ का?"

"दे. चिमटा लई दाबू नको, वण उठतो."

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई मोटारीतून उतरल्या तेव्हा पाळणा माळवदाच्या कडीला टांगलेला होता. एका खुरात कुसू जरा सैल बसला होता, तिथं मुंजाजींनी बारीक पाचर मारली होती. वत्सलाबाईंची नजर नेमकी तिथंच गेली. त्यांनी बोट फिरवलं, खाली वाकून बघितलं, कडेला धरून पाळणा हलवून पाहिला.

"पाचर कुनी मारली?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"मी," मुंजाजी म्हणाले. "आन् ठोकलं हिनं."

"विहीणबाईंनी?" वत्सलाबाईंनी गंगासागरकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग पक्कं असणार."

बायका हसल्या. बाळाला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, गाणं सुरू झालं. मुंजाजी मात्र जागेवर बसेनात. गर्दीतून वाट काढत ते पाळण्याशी आले, काठावरून तळहात फिरवू लागले, कुठं टोचणारी कुस राहिली असेल तर बघायला. खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढला आणि पाळणा हलत असतानाच कड घासू लागले. उजव्या हातानं. हात थरथरत होता, सगळ्यांदेखत.

"आबा, झोपू द्या की तिला," ईश्वरी म्हणाली.

"झोपू दे. मी कुटं गाणं बंद करा म्हनतोय?" आणि ते पाळण्याबरोबर पुढं-मागं होत घासत राहिले.

गंगासागरनं त्यांच्याजवळ सरकून पाळण्याचा काठ धरला, म्हणजे कड हलणार नाही.