नाव कापलेलं पत्र

काकू चिडल्या की त्यांचं भाषांतर झकास उतरतं, हे संघटनेच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून छळाची पत्रं आवर्जून त्यांच्याच टेबलावर यायची.

बायकांची ही संघटना तीस वर्षं जुनी. तिच्या बारा देशांत बारा बहिणी, म्हणजे तशाच संघटना. कुठल्याही देशात एखादीनं गाऱ्हाणं लिहिलं, की ते भाषा बदलत बाराही ऑफिसांत फिरायचं, सह्या जमायच्या, आणि मग तो गठ्ठा तिथल्या मंत्र्याच्या टेबलावर आदळायचा. नियम एकच. पत्र पुढे धाडताना नाव, गाव, महिना, वर्ष, सगळं कापायचं. पहिल्याच वर्षी एकीचं नाव चुकून तसंच राहिलं आणि नवऱ्याची माणसं तिच्या दारात पोचली. ती वाचली नाही. तेव्हापासून कात्री चालवण्यात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आजचं पत्र तीन भाषा हिंडून आलं होतं. लिहिणारी सून नर्स होती. दुसऱ्या शहरात नोकरी लागलेली, दहा तारखेला हजर व्हायचं, पण सासूनं तिची सगळी सर्टिफिकेटं कुलपात ठेवलेली. सासू मारत नाही, ओरडत नाही. गोड बोलते. ‘माझ्याकडे आहेत म्हणजे बँकेत आहेत,’ म्हणते. आणि बाहेर बायकांच्या हक्कांवर भाषणं ठोकते.

“ऐकतेस का गं, टकटक?” काकू कडाडल्या. टकटक म्हणजे ऑफिसची टायपिस्ट, काकूंच्याच वयाची. “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! असल्या बाईला भर चौकात उभी करायला हवी.”

“करू की. आधी पत्र तर संपवा,” टकटक म्हणाली. “मला टाइप करायचंय.”

काकूंनी पान उलटलं. ‘कागद बिस्किटांच्या निळ्या डब्यात आहेत. डबा सासूच्या कपाटात, शालींच्या खाली. किल्ली ती चष्म्याच्या घरात ठेवते. इथल्या संघटनेकडे मला जाता येत नाही, कारण तिथली पत्रं सासूच उघडते. म्हणून इतक्या लांब तुम्हाला लिहिते आहे.’

काकूंनी ते पुन्हा वाचलं. मग पर्समधून चष्म्याचं घर काढलं. किल्ली होती.

पायाखालची जमीन सरकली, असं त्यांनी आजवर शंभरदा तरी लिहिलं असेल. प्रत्यक्षात ते कसं असतं ते आता कळलं. नातू लहान आहे, वर्षभर थांब, एवढंच तर म्हटलं होतं! मुलगा म्हणाला, ‘कागद तूच ठेव, आई,’ म्हणून त्यांनी ठेवले. त्याला छळ म्हणायचं? मी आणि छळ? आणि मग दुसरा धक्का बसला. उद्याच दहा तारीख होती.

“काय हो, भूत बघितलंत की काय?” टकटकनं विचारलं. काकू तेव्हा जिना उतरत होत्या.

घरी सून पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. काकूंनी कपाट उघडलं, शाली जमिनीवर फेकल्या आणि डबा तिच्यापुढे धरला.

“घे. उद्या दहा तारीख आहे. आत्ता निघालीस तर पोचशील. पोराला मी बघते.”

सुनेनं डबा उघडला. एकेक कागद काढून पाहिला, परत ठेवला. घाई कसलीच नव्हती.

“आई, ती दहा तारीख मागच्या महिन्यातली.”

“काय?”

“जागा भरली त्यांनी. पत्र फिरत होतं ना, तेवढ्यात.”

काकू शालींवरच बसल्या. महिना कापलेला होता. नियमाप्रमाणे कापलेला होता.

सून डबा मांडीवर घेऊन त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचीच काकूंना जास्त भीती वाटली.

“वाचताना कुठे आल्यावर कळलं तुम्हाला?” तिनं विचारलं. “ही मी आहे म्हणून?”

खोटं बोलता आलं असतं.

“डब्यापाशी.”

“म्हणजे दुसऱ्या पानावर,” सून म्हणाली. “पहिलं पान अख्खं तुमच्यावरच होतं, आई.”